बाउहाउस ते ब्राउहाउस: एका पंक बँडची नाकारलेली मैफल

पुण्यात जर्मन शिकत होते तेव्हाची गोष्ट. २०१८ च्या नोव्हेंबरात आमच्या बाईंनी वर्गात एक बातमी वाचायला दिली. त्या दिवशीचा शब्द होता ‘हाउसरेश्ट’. हाउस म्हणजे घर, रेश्ट म्हणजे हक्क. आपल्या जागेत कोणाला येऊ द्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवायचा जागेच्या धन्याचा हक्क. बातमीत हा हक्क बजावला होता जर्मनीतल्या डेसाउ शहरातल्या बाउहाउस संस्थेने, म्हणजे डिझाइन आणि वास्तुकलेच्या एका जुन्या, जगप्रसिद्ध शाळेचा वारसा सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानने, आणि दाराबाहेर राहिला होता ‘फाइने झाने फिशफिले’ नावाचा पंक बँड. नावाचा शब्दशः अर्थ ‘उत्तम सायीतले माशाचे तुकडे’. वाण्याकडच्या एखाद्या डब्यावर छापलेलं असावं तसं नाव. वर्गात हशा पिकला.

घरी येऊन मी त्यांची गाणी लावली. भाषा अर्धीच कळत होती, पण त्या खरखरीत गिटारवर दोन ट्रंपेट चढले आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. लग्नाच्या वरातीत बँडवाला पहिला सूर काढतो आणि सगळी गल्ली खिडकीत येते, तसं काहीतरी त्या ट्रंपेटमध्ये होतं. पंकमध्ये मी तोवर हे ऐकलेलं नव्हतं. पुढची काही वर्षं मी या बँडच्या मागे आणि त्या डेसाउच्या बातमीच्याही मागे राहिले. एकाला समजून घेतल्याशिवाय दुसरं समजत नाही, म्हणून इथे दोन्ही एकत्र मांडते आहे.

बँड कुठला

जर्मनीच्या नकाशात ईशान्येचा कोपरा पाहा. वर बाल्टिक समुद्र, खाली तळी, शेतं आणि विरळ वस्ती. हे मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्य, पूर्वीच्या पूर्व जर्मनीचा भाग. १९९० च्या एकीकरणानंतर इथले कारखाने आणि सामुदायिक शेतीच्या संस्था बंद पडल्या आणि कमावती तरुण पिढी पश्चिमेकडे निघून गेली. कोकणातल्या चाकरमान्यांची गावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथले बरेचसे गणपतीलाही परतले नाहीत.

रिकाम्या होत चाललेल्या या गावांत अतिउजव्यांनी पाय रोवले. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टोकच्या लिख्टेनहागेन वस्तीत आश्रय मागायला आलेल्यांच्या केंद्रावर आणि व्हिएतनामी कामगार राहत होते त्या इमारतीवर अनेक दिवस हल्ले झाले, इमारत पेटवली गेली, आणि जमलेली हजारोंची गर्दी टाळ्या वाजवत होती. २००६ मध्ये नवनाझी विचारांचा एनपीडी पक्ष ७.३ टक्के मतं घेऊन राज्याच्या विधिमंडळात शिरला आणि २०११ मध्ये ६ टक्के मतांवर तिथे टिकला. पुढे २०१६ पर्यंत हा पक्ष विधिमंडळात होता. खेड्यात हे लोक मुलांसाठी जत्रा भरवत, शेजाऱ्याच्या मदतीला धावत, फुटबॉलच्या संघात खेळत. त्यामुळे त्यांना विरोध करणं म्हणजे शेजाऱ्याशी वैर घेणं होऊन बसलं.

अशा मुलखात २००७ मध्ये शाळकरी वयाच्या मुलांनी हा बँड काढला. गायक यान गोर्कोव्ह. सगळे त्याला मोंची म्हणतात. तो पेने नदीकाठच्या यार्मेन या गावचा, जिथली वस्ती तीन हजारांच्याही आत आहे. पोरवयात तो हान्सा रोस्टोक या फुटबॉल क्लबच्या कट्टर पाठीराख्यांत होता, मारामाऱ्यांसकट. ते त्याने कधी लपवलेलं नाही. आडदांड देह, घोगरा आवाज. गाताना तो सूर लावत नाही, गर्दीला हाक मारतो.

आणि हे लोक राहिले. मला या बँडबद्दल सांगायची पहिली गोष्ट ही आहे. नाव झालं की बर्लिनला किंवा हांबुर्गला जायचं, ही तिकडची रीत. यांनी २०१५ च्या अल्बमचं नावच ‘ब्लायबेन ओडर गेएन’ ठेवलं, म्हणजे ‘राहायचं की जायचं’. ज्यांचे निम्मे वर्गमित्र गाव सोडून गेलेत, त्यांच्यासाठी हा प्रश्न घरातल्या जेवणाच्या टेबलावरचा आहे. त्यांच्या गाण्यांत समुद्र आहे, दारू आहे, मैत्री आहे, पोलिसांवरचा राग आहे, आणि २०१८ च्या अल्बममध्ये चक्क आईवडिलांचे आभार मानणारं एक गाणं आहे. पंक बँडने आईबाबांवर गाणं लिहावं आणि हजारो तरुणांनी ते गळा फाडून गावं, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं.

स्वतंत्र बँड म्हणजे काय, हेही इथेच सांगते. २०१२ पासून त्यांचे अल्बम हांबुर्गच्या ऑडिओलिथ या छोट्या कंपनीकडून निघाले. युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर या बड्या कंपन्यांशी तिचा संबंध नाही. ‘श्टुर्म उंट ड्रेक’ हा २०१८ चा अल्बम अशा छोट्या कंपनीकडून येऊनही जर्मनीच्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचला. म्हणजे डेसाउचा वाद झाला तेव्हा हे कोणी तळघरात वाजवणारे अनोळखी पोरगे नव्हते.

सरकारी अहवालातलं नाव

जर्मनीत केंद्राचं आणि प्रत्येक राज्याचं एकेक ‘राज्यघटना संरक्षण’ खातं असतं. नाव भारदस्त, काम देशांतर्गत गुप्तवार्तेचं. लोकशाहीला धोका वाटणाऱ्या गटांवर हे खातं नजर ठेवतं आणि दरवर्षी अहवाल छापतं. अहवालात नाव येणं ही शिक्षा नसते. खटला नाही, आरोपपत्र नाही, निकाल नाही. पण युवक केंद्राचा हॉल भाड्याने मागायला जा, नगरपालिकेकडे अनुदानाचा अर्ज करा, शाळेत कार्यक्रम ठेवा, की समोरचा माणूस तो अहवाल काढून दाखवतो. अपील करायला समोर निकालच नसतो, आणि शिक्का मात्र बसलेला असतो.

मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नच्या २०११ च्या अहवालात हा बँड डाव्या अतिरेकाच्या प्रकरणात आला आणि २०१४ पर्यंतच्या अहवालांत येत राहिला. २०११ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी नोव्हेंबरात एनएसयू ही नवनाझी टोळी उघडकीला आली. दहा खून केलेली टोळी. त्यांतला एक खून याच राज्यात, रोस्टोकमध्ये, २५ फेब्रुवारी २००४ रोजी झाला होता. मेहमेत तुर्गुत हा तरुण डोनर कबाबच्या टपरीवर काम करत असताना मारला गेला. आणि त्या अहवालात एनएसयूपेक्षा जास्त जागा या पंक बँडला मिळाली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी जर्मन कच्ची असल्यामुळे वाचण्यात चूक झाली असेल असं वाटलं. चूक नव्हती. बँडने पुढे या खात्याला फुकटच्या प्रसिद्धीबद्दल आभाराची म्हणून खाऊची टोपली भेट दिली.

आता दुसरी बाजू, आणि ती टाळून चालणार नाही. सुरुवातीच्या दिवसांतल्या त्यांच्या एका गाण्यात पोलिसांवरच्या हिंसेच्या ओळी आहेत, अगदी उघड शब्दांत. पुढच्या प्रत्येक वादात विरोधकांनी याच ओळी वाचून दाखवल्या. मला त्या ओळी आवडत नाहीत. विशी-बाविशीतल्या रागाचं ते गाणं आहे, हे स्पष्टीकरण मला समजतं, पण तेवढ्याने त्या ओळी चांगल्या होत नाहीत. मात्र एक ओळ न आवडणं आणि त्या माणसांना शहराच्या रंगमंचावरून उतरवणं, यांत फार मोठं अंतर आहे. डेसाउमध्ये ते अंतर एका आठवड्यात पुसलं गेलं.

त्याआधीच्या दोन घटना थोडक्यात सांगते. सप्टेंबर २०१६ च्या राज्य निवडणुकीआधी बँडने छोट्या गावांतून मैफली आणि मोहिमा केल्या. आंक्लाममध्ये त्यांच्यासोबत रॅपर मार्टेरिया आणि ‘डी टोटेन होझेन’चा गायक कांपिनोही गायला, आणि केंद्रीय कायदामंत्री हायको मास यांनी ट्विटरवर जाहीर आभार मानले. मंत्र्याने ‘अहवालातल्या’ बँडचे आभार मानले म्हणून गदारोळ झाला. निवडणुकीत एएफडी हा उजवा पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाच्याही पुढे दुसरा आला. मैफलींनी निवडणूक फिरत नाही. पण अशा गावात ज्या एकट्यादुकट्या पोराला वाटत असतं की आपल्यासारखं इथे कोणीच नाही, त्याला त्या संध्याकाळी कळतं की आणखी दोनशे जण आहेत. हे मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

दुसरी घटना पूर्व जर्मनीतल्या केमनित्स शहराची. ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस तिथे एका माणसाचा भोसकून खून झाला, संशय आश्रय मागणाऱ्यांवर आला आणि अतिउजव्यांचे मोर्चे निघाले; परके दिसणाऱ्यांवर हल्ले झाले. ३ सप्टेंबरला केमनित्सच्याच क्राफ्टक्लुब बँडने पुढाकार घेऊन ‘आम्ही जास्त आहोत’ या घोषणेखाली मोफत मैफल केली. सुमारे ६५ हजार माणसं आली. फाइने झाने फिशफिलेही मंचावर होते. राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या फेसबुक पानावरून या मैफलीची माहिती पुढे पाठवली गेली, तर ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाच्या नेत्या आनेग्रेट क्रांप-कारेनबाउअर यांनी नेमक्या या बँडचं नाव घेऊन त्यावर टीका केली. डेसाउची बातमी आली ती यानंतर जेमतेम दीड महिन्याने.

डेसाउमध्ये काय झालं

जर्मनीची सार्वजनिक दूरचित्रवाणी झेडडीएफ बाउहाउसच्या ऐतिहासिक इमारतीत मैफलींची एक मालिका चित्रित करत असे. १९२६ साली खुल्या झालेल्या इमारतीतला छोटा रंगमंच, मोजके प्रेक्षक, आणि आजचे कलाकार. ६ नोव्हेंबर २०१८ ला फाइने झाने फिशफिलेची मैफल ठरली होती. निमंत्रण झेडडीएफचं, जागा बाउहाउसची.

घोषणा झाली आणि उजव्या गटांनी समाजमाध्यमांवर हाकाटी सुरू केली: त्या दिवशी बाउहाउससमोर जमा. एएफडीने आणि झाक्सेन-आनहाल्ट या डेसाउच्या राज्यातल्या ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांपैकीही काहींनी आक्षेप घेतला की लोकांच्या वर्गणीवर चालणारी वाहिनी अशा बँडला मंच कसा देते. ऑक्टोबरच्या मध्यावर बाउहाउस प्रतिष्ठानने हाउसरेश्ट बजावला. मैफल इथे होणार नाही.

कारण दिलं ते सुरक्षिततेचं आणि वारशाचं. ही वास्तू १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मार्च २०१७ मध्ये नवनाझींनी याच इमारतीसमोर निदर्शनं केली होती, आणि कोणत्याही टोकाच्या गटांना बाउहाउस पुन्हा आखाडा म्हणून मिळू नये, असं प्रतिष्ठानचं म्हणणं होतं. त्याच निवेदनाच्या ओघात एक वाक्प्रयोग आला आणि त्याने आगीत तेल ओतलं: बाउहाउस ही ‘जाणीवपूर्वक अराजकीय’ जागा आहे.

राज्याचे सांस्कृतिक मंत्री राइनर रोब्रा हे प्रतिष्ठानच्या नियामक मंडळाचे प्रमुखही होते. त्यांनी निर्णयाची पाठराखण केली. केंद्रीय सांस्कृतिक राज्यमंत्री मोनिका ग्र्युटर्स रोब्रा यांच्याच ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाच्या, पण त्यांनी निर्णयावर टीका केली. वास्तुविशारद, कलावंत, इतिहासकार यांनी निषेधाची पत्रं लिहिली. संचालिका क्लाउडिया पेरेन यांना खुलाशांवर खुलासे द्यावे लागले.

‘अराजकीय’ या शब्दापाशी थांबूया

या प्रकरणाचं मूळ मला या एका शब्दात दिसतं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

बाउहाउसची शाळा १९१९ मध्ये वायमारमध्ये वाल्टर ग्रोपियस यांनी सुरू केली. १९२४ मध्ये थ्युरिंगिया राज्यात उजव्यांचं सरकार आलं, त्यांनी शाळेचं अनुदान निम्म्यावर आणलं आणि १९२५ मध्ये शाळेला वायमार सोडावं लागलं. डेसाउचे महापौर फ्रित्स हेसे यांनी तिला आपल्या शहरात जागा दिली. दुसरे संचालक हान्नेस मायर १९३० मध्ये काढले गेले, कारण ते आणि त्यांचे विद्यार्थी फार डावे झाले असं ठरलं; काढणारे तेच हेसे. मग मीस व्हान डेर रोहे आले. त्यांनी शाळेतलं राजकारण बंद करून निव्वळ वास्तुकलेवर लक्ष द्यायचं ठरवलं.

त्याचा काय उपयोग झाला? नगरपरिषदेत नाझींची सरशी झाली आणि २२ ऑगस्ट १९३२ ला शाळा बंद करण्याचा ठराव मतदानाला आला. विरोधात मत दिलं ते महापौर हेसे आणि कम्युनिस्ट सदस्यांनी. सामाजिक लोकशाहीवादी तटस्थ राहिले. ठराव मंजूर झाला. नाझींना तर ती इमारतच पाडायची होती. मीस शाळा घेऊन बर्लिनला गेले, तिथे एप्रिल १९३३ मध्ये पोलिसांची धाड पडली आणि त्या उन्हाळ्यात शाळा कायमची मिटली. म्हणजे राजकारणापासून दूर राहण्याचा प्रयोग याच संस्थेने, याच शहरात, एकदा करून पाहिला होता.

आपल्याकडच्या वाचकाला बाउहाउस म्हटलं की खुर्च्या, अक्षरं आणि सपाट छपरं आठवतात. पण त्या परंपरेची एक फांदी आपल्यापर्यंत आली आहे ती पाहा. मुंबईच्या आयआयटीत १९६९ मध्ये आयडीसी हे डिझाइनचं केंद्र सुरू करणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मच्या शाळेत शिकले. ती शाळा उभारणाऱ्यांत बाउहाउसचा माजी विद्यार्थी माक्स बिल होता, आणि इंगे शोल होती. हिटलरविरुद्ध पत्रकं वाटल्याबद्दल १९४३ मध्ये ज्यांचा शिरच्छेद झाला त्या हान्स आणि झोफी शोल यांची ती बहीण. उल्मची शाळा त्या दोघांच्या स्मृतीसाठी उभी राहिली. डिझाइन आणि राजकीय जबाबदारी तिथे एकाच पायावर उभी होती. बाउहाउसचा वारसा सांगणाऱ्या संस्थेला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. घाईत विसरलं असावं.

आणि डेसाउ शहर? जून २००० मध्ये इथल्या बागेत तीन नवनाझींनी आल्बेर्तो आद्रियानो या मोझांबिकहून आलेल्या माणसाला इतकं मारलं की तीन दिवसांनी तो रुग्णालयात वारला. जानेवारी २००५ मध्ये सिएरा लिओनचा ओउरी जालोह इथल्या पोलीस कोठडीत, हातपाय बांधलेल्या अवस्थेत जळून मेला. या शहरात वंशद्वेषाविरुद्ध गाणारा बँड येणं म्हणजे बाहेरून राजकारण आणणं, असं म्हणायला या दोन माणसांची नावं विसरावी लागतात.

प्रतिष्ठानपुढे कोणते रस्ते होते

मी प्रतिष्ठानच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं आहे. इमारतीची ती प्रसिद्ध काचेची भिंत, मोजके कर्मचारी, पुढच्या वर्षी १०० वर्षांचा सोहळा, सप्टेंबर २०१९ मध्ये नवं संग्रहालय उघडायचं. एखाद्या रात्री दगड आले तर? ही भीती खोटी नव्हती, आणि ज्याच्या अंगावर जबाबदारी नाही त्याने तिला हसू नये.

पण भीतीवर उपाय काय करायचा, याचे रस्ते अनेक होते. पोलिसांना बोलावून बंदोबस्त मागता आला असता. तीन आठवडे हातात होते. झेडडीएफबरोबर बसून प्रेक्षक, प्रवेश, वेळ यांचं नियोजन बदलता आलं असतं. शहरातल्या संस्थांना सोबत घेऊन त्या संध्याकाळी इमारतीभोवती लोकांनाच उभं करता आलं असतं; केमनित्सने दोन महिन्यांपूर्वीच ते करून दाखवलं होतं. यांतलं काही जमलं नसतं तर मैफल रद्द करताना ‘आम्हाला धमकावलं जातंय’ असं स्पष्ट सांगता आलं असतं, आणि मग वादाच्या मध्यभागी धमकावणारे आले असते.

प्रतिष्ठानने धमकी देणारे आणि निमंत्रित पाहुणे यांना एकाच तागडीत घातलं. दंगा करू म्हणणारे बाहेर जमणार होते. बँड आत गाणार होता. दार मात्र बँडला बंद झालं. मला यातली सर्वांत वाईट गोष्ट ही वाटते की पुढच्या वेळी कोणालाही कळलं: बाउहाउसमधला कार्यक्रम बंद पाडायचा तर प्रत्यक्ष जमायचीही गरज नाही, जमू असं लिहिलं की पुरे.

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर जागेच्या धन्याचा हक्क खराच आहे. पण हे प्रतिष्ठान केंद्र, राज्य आणि शहर यांच्या पैशावर चालतं, आणि ज्या राज्यघटनेखाली चालतं तिच्या पाचव्या कलमात कला स्वतंत्र आहे असं थेट वाक्य आहे. खाजगी दिवाणखान्याचा मालक आणि सार्वजनिक वारशाचा विश्वस्त यांच्या हातात एकच किल्ली असली, तरी ती फिरवताना दोघांनी एकसारखा विचार करून चालत नाही. विश्वस्ताने कारण द्यायला हवं, आणि ते कारण इतिहासासमोर टिकायला हवं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये झाक्सेन-आनहाल्टच्या विधिमंडळात एएफडीने खुद्द बाउहाउसलाच ‘आधुनिकतेची चुकलेली वाट’ ठरवणारा प्रस्ताव आणला. निमित्त होतं बाउहाउस डेसाउला आल्याच्या शताब्दीचं. सहा वर्षांपूर्वी एका बँडला दूर ठेवून जी शांतता राखायची होती, ती अशी मिळाली.

बँडने काय केलं

मला शेवटी हे सांगायचं आहे, कारण या बँडचा स्वभाव इथेच कळतो.

देशभरात नाव झालेलं असताना त्यांना बर्लिनमध्ये किंवा लाइप्सिगमध्ये मोठा हॉल भरवता आला असता. ‘डेसाउने नाकारलेली मैफल’ म्हणून तिकिटं हातोहात गेली असती. त्यांनी डेसाउ सोडलं नाही. तीच तारीख, तेच शहर. जागा मिळाली ती जुन्या ब्राउहाउसची, म्हणजे मद्यभट्टीची. जर्मनमध्ये बाउहाउस आणि ब्राउहाउस यांत एका ‘र’चा फरक. त्या एका अक्षरावर त्या आठवड्यात किती मथळे लिहिले गेले असतील!

६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मैफल झाली. १९३८ च्या ज्या रात्री देशभरातली सिनेगॉगं, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, पेटवली गेली, डेसाउचंही, त्या रात्रीला ८० वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते.

मला त्यांचा हा निर्णय त्यांच्या २०१५ च्या अल्बमच्या नावासारखाच वाटतो. राहायचं की जायचं? जिथे आपल्याला नको म्हणतात तिथून निघून जाणं सोपं असतं, आणि निघून गेल्यावर जे मागे उरतात त्यांचं काय, हा प्रश्न यार्मेनसारख्या गावातून आलेल्या माणसाला आपोआप पडतो. डेसाउमध्येही सोळा-सतरा वर्षांची मुलं होती ज्यांना त्या मैफलीला बर्लिनपर्यंत जायला जमलं नसतं.

ज्यांना हा बँड ऐकायचा आहे त्यांच्यासाठी माझा क्रम असा. आधी २०१५ चा ‘ब्लायबेन ओडर गेएन’. समुद्र, गाव आणि माणसं त्यात सर्वांत स्पष्ट दिसतात. मग २०१८ चा ‘श्टुर्म उंट ड्रेक’. आईवडिलांवरचं गाणं त्यात आहे. त्यानंतर २०१२ चा ‘शायटर्न उंट फेरश्टेएन’, म्हणजे ‘अपयश आणि उमज’; तो जास्त खडबडीत आहे, पण आधीचे दोन ऐकल्यावर तो कानाला बसतो. शब्दांचा अर्थ पहिल्या वेळी शोधू नका. ट्रंपेट सुरू होईपर्यंत थांबा, आवाज वाढवा आणि शक्य असेल तर कोणाला तरी सोबत घेऊन ऐका. आमच्या वर्गातल्या तिघींनी तो २०१८ चा अल्बम माझ्या खोलीत जमिनीवर बसून ऐकला होता, मधे फोनवर शब्दकोश उघडा ठेवून, आणि खालच्या काकू जिन्यात येऊन विचारून गेल्या होत्या की कोणाची वरात आहे.